रक्ततपासण्या किती, कधी आणि कशासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी पॅथॉलॉजिस्ट आहे. खालचे प्रश्न आम्हाला काउंटरच्या खिडकीत, वॉर्डातून येणाऱ्या फोनवर आणि विश्वस्तांच्या बैठकीत पुन्हापुन्हा ऐकायला मिळतात. काही रुग्णांचे आहेत, काही नातेवाइकांचे, काही आमच्याच निवासी डॉक्टरांचे. तपासण्यांच्या मागणीला आम्ही शिस्त लावायला घेतली तेव्हापासून प्रश्न वाढले, आणि लोक विचारू लागले याचा मला मनापासून आनंद आहे.

तपासण्यांच्या मागणीचं नियोजन म्हणजे नेमकं काय करता?

ज्या तपासणीच्या उत्तरावर उपचारातली एखादी गोष्ट ठरणार आहे ती राहून जाऊ नये, आणि जिच्या उत्तराने काहीच ठरणार नाही तिच्यासाठी कुणाला सुई टोचू नये, एवढं पाहतो. डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलेली प्रत्येक तपासणी हा एक प्रश्न असतो. या माणसाला रक्तक्षय कशामुळे आहे? औषधाने किडनीवर ताण आला का? प्रश्न स्पष्ट असला की तपासणीही नेमकी निवडली जाते. "सगळंच करून टाका" असं लिहून आलं की आमच्या मशीनमधून चाळीस आकडे बाहेर पडतात आणि कुणीच त्यांतला एकही नीट वाचत नाही.

म्हणजे खर्च वाचवायला तपासण्या नाकारता, असंच ना?

नाही. हा गैरसमज मी सगळ्यात आधी दूर करू इच्छिते. १९९७ ते २०१२ या काळातले जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१३ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गरज नसताना केलेल्या तपासण्यांचं प्रमाण सरासरी २०.६ टक्के निघालं, आणि गरज असूनही न लिहिलेल्या तपासण्यांचं ४४.८ टक्के. जास्तीच्या तपासण्यांबद्दल सगळे बोलतात, कारण त्यांचं बिल दिसतं. राहून गेलेल्या तपासणीचं बिल छापलं जात नाही. ते रुग्ण पुढे काही वर्षांनी डायलिसिसच्या खुर्चीवर बसून भरतो.

म्हणून आमच्याकडे दोन्ही बाजूंनी काम चालतं. काही तपासण्या थांबवतो आणि काहींची स्वतःहून आठवण करून देतो.

आमच्या आजी अतिदक्षता विभागात होत्या. रोज दोनदा रक्त काढायचे. एवढं रक्त काढल्याने अशक्तपणा येत नाही का?

येतो. तुमची शंका बरोबर आहे आणि ती विचारायला संकोच करू नका.

हिशेब मांडून पाहू. एका वेळी सहसा चार बल्ब, म्हणजे रक्त घ्यायच्या छोट्या नळ्या, भरतात. सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) जांभळा २ मिली, सीरमचा (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागाचा) पिवळा ३ मिली, रक्त गोठण्याच्या तपासणीचा निळा जवळजवळ ३ मिली आणि साखरेचा करडा २ मिली, म्हणजे दहाएक मिली. मानेतल्या किंवा मनगटातल्या लाइनमधून रक्त घेतलं तर आधीचं सलाइन मिसळलेलं ३ ते ५ मिली रक्त फेकून द्यावं लागतं. एका वेळचे १३ मिली धरले तर दिवसातून दोनदा २६ आणि दहा दिवसांत २६० मिली. रक्तपेढीतली साधी पिशवी ३५० मिलीची असते. म्हणजे आजींच्या अंगातून पाऊण पिशवी रक्त आमच्याच हातांनी गेलेलं असतं. त्यांचं शरीर आजारात नवं रक्त भराभर तयार करत नसतं, आणि मग अकराव्या दिवशी केस पेपरवर "हिमोग्लोबिन उतरलं, कारण शोधा" असं लिहिलं जातं. कारण शोधायला आणखी पाच बल्ब येतात.

आम्ही तीन गोष्टी बदलल्या. अतिदक्षता विभागात कमी रक्त लागणारे छोटे बल्ब ठेवले, नवजात बाळांसाठी तर अर्ध्या मिलीचेच. "रोज सकाळी" अशी कायमची सूचना बंद केली, दुसऱ्या दिवशी काय तपासायचं ते संध्याकाळच्या राउंडला त्या दिवसापुरतं लिहायचं. आणि एखादी तपासणी नंतर आठवली तर नवं रक्त न काढता प्रयोगशाळेला फोन करायचा. सीरम वेगळं करून २ ते ८ अंशांवर ठेवलेलं असतं, त्यातून बऱ्याच तपासण्या वाढवता येतात. वॉर्डातल्या सिस्टर आता आधी हाच फोन करतात.

पेपरात जाहिरात येते: अमुक रुपयांत ८० तपासण्या. निरोगी माणसाने दरवर्षी करून घ्यायला काय हरकत आहे?

आधी ती "८०" ही संख्या पाहू. एका सीबीसीतून पंधरा-वीस आकडे निघतात, लिव्हरच्या तपासणीतून दहाएक, लघवीच्या साध्या तपासणीतून आणखी डझनभर. पॅकेजमध्ये हे सगळे आकडे स्वतंत्र तपासण्या म्हणून मोजलेले असतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. रिपोर्टवर जी "नॉर्मल रेंज" छापतो ती निरोगी माणसांपैकी ९५ टक्के जण बसतील अशी आखलेली असते. याचा अर्थ, पूर्ण निरोगी १०० जणांतले ५ जण प्रत्येक तपासणीत रेंजबाहेर पडणारच. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या २० तपासण्या केल्या तर निरोगी माणसाचा निदान एक तरी आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता ६४ टक्के होते. मग झोप उडते, पुन्हा तपासणी होते, सोनोग्राफी होते, आणि शेवटी "काही नाही" असं कळतं. तोवर महिना गेलेला असतो. शेजारच्या गावातला एक तरुण शेतकरी बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) १.६ आल्यावर असाच घाबरून आला होता. कावीळ झाली असं समजून त्याने दोन आठवडे तेल-तूप सोडलं होतं आणि गावठी औषध घेतलं होतं. त्याला गिल्बर्ट होतं. जन्मतःच असणारी, उपवासात थोडी वाढणारी, उपचार न लागणारी ही गोष्ट आहे.

मग काय करावं? तिशी ओलांडली की रक्तदाब, वजन आणि साखर जरूर तपासा. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब, मधुमेह, आणि तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो याचाच. त्यापुढे कोलेस्टेरॉल वगैरे काय करायचं ते तुमचं वय, घरातले आजार आणि तंबाखूची सवय पाहून डॉक्टर सांगतील. व्हिटॅमिन डी सरसकट तपासण्याची गरज नाही. २०२४ साली अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही निरोगी प्रौढांत ते नेहमीचं म्हणून तपासू नये असाच सल्ला दिला.

कर्करोग आहे का हे एका रक्ततपासणीत कळतं का?

सीईए, सीए १२५ यांसारख्या तपासण्या मुख्यतः निदान झालेल्या रुग्णाचा उपचार कसा चाललाय ते पाहायला आहेत. काहीच त्रास नसलेल्या बाईने सीए १२५ करून घेऊ नये. मासिक पाळीत, गर्भारपणात, एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) तो आकडा वाढतो आणि घरात विनाकारण रडारड होते.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) महिन्याला का करत नाही? मी पथ्य कडक पाळतोय, फरक बघायचाय.

तुमची तळमळ समजते. पण लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तिला चिकटलेली साखर या तपासणीत मोजतात. महिन्याभरात जुन्या पेशींचं राज्य संपलेलं नसतं, त्यामुळे तुमच्या मेहनतीचा पूर्ण हिशेब त्या आकड्यात उतरत नाही. औषध बदललं असेल किंवा साखर आटोक्यात नसेल तर तीन महिन्यांनी, सगळं स्थिर असेल तर वर्षातून दोनदा पुरतं. मधल्या काळात फरक बघायचाच असेल तर घरचं ग्लुकोमीटर वापरा, ते रोजचं सांगतं.

आमच्या भागापुरती आणखी एक गोष्ट: सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (लाल पेशींचे आनुवंशिक आजार) असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर एचबीए१सीचा आकडा फसवतो. लोहाच्या कमतरतेनेही तो वर सरकतो. अशा वेळी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

मग प्रत्येक तपासणीला असं ठरलेलं अंतर असतं का?

बऱ्याच तपासण्यांना असतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सने तर एक तपासणी पुन्हा करण्याआधी किमान किती दिवस जाऊ द्यावेत याची सविस्तर यादीच काढली आहे. आम्ही ती समोर ठेवून आमच्या फिजिशियन मंडळींबरोबर बसून आमची छोटी यादी केली.

थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला की टीएसएच (थायरॉइडची मुख्य रक्ततपासणी) सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी केलं तर आकडा अजून प्रवासात असतो. डॉक्टर त्याला पाहून डोस पुन्हा बदलतात आणि मग कुठलाच डोस कधी बसत नाही. मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्यांची गोळी वर्षभर ५०, ७५, ५०, १०० अशी फिरत राहिली. बिचाऱ्यांना वाटतं, आपलाच आजार हट्टी आहे.

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी. व्हिटॅमिन डीचा कोर्स झाल्यावर निदान तीन महिन्यांनी, तेही कारण असेल तर. सीआरपी (शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारी तपासणी) दिवसातून एकदाच, कारण रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच जवळपास १९ तास लागतात. आणि सिकल, थॅलेसेमियासाठीची एचपीएलसी तपासणी निदान पक्कं झालं की आयुष्यात एकदाच. तो कागद जपून ठेवा, लग्न ठरवताना लागतो. रक्तगटाचा कागद मात्र रक्त चढवताना पुरत नाही. तिथे दर वेळी गट पुन्हा तपासून क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहणं) करावंच लागतं, त्यात तडजोड नाही.

हे अंतर म्हणजे कुलूप नव्हे. रुग्णाची स्थिती बदलली तर डॉक्टरांनी एक ओळ कारण लिहायचं, तपासणी लगेच होते.

डेंग्यूत प्लेटलेट दिवसातून तीनदा मोजायला नको का? आमचा मुलगा दाखल आहे आणि आकडा रोज कमी होतोय.

पावसाळा सरता सरता आमच्या खिडकीवर दुसरा प्रश्नच नसतो. "मॅडम, प्लेटलेट किती झाल्या?" बापाच्या हातात मोबाइल, त्यावर सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा आकडा, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तो पाठवण्याची घाई. त्या बापाला मी कधीही रागावत नाही. पण त्याला जे सांगते ते इथेही सांगते.

सकाळी ४२,००० आणि संध्याकाळी ३६,००० यात बहुतेकदा काही घडलेलं नसतं. एवढ्या खालच्या पातळीवर तेवढा फरक मशीनच्या आणि शरीराच्या नेहमीच्या चढउतारातच बसतो. काही वेळा जांभळ्या बल्बमध्ये प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. म्हणून आकडा फार कमी आला की आम्ही काचेवर रक्ताचा पातळ थर (स्मिअर) पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहतो. मुलाला रक्तस्राव होत नसेल आणि तो स्थिर असेल तर नुसता आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही आहे.

त्याच रिपोर्टवर एक दुसरा आकडा असतो, एचसीटी किंवा पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते. त्याच्याकडे कुणी बघत नाही. डेंग्यूत धोका असतो तो रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपण्याचा, आणि तसं झालं की रक्त घट्ट होऊन हा आकडा चढतो. ३८ चा ४६ झाला तर ती २० टक्क्यांहून जास्त वाढ आहे आणि तेव्हा डॉक्टरांनी धावायला हवं. ताप उतरतो तेच दिवस, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसातले, खरे नाजूक असतात. त्या काळात एचसीटी पुन्हापुन्हा पाहणं योग्यच आहे आणि तिथे आम्ही एकही नमुना अडवत नाही. मुलाची लघवी किती होतेय, पोट दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, तो सुस्त पडलाय का, हे तुम्ही सिस्टरांना सांगत राहा. ते कुठल्याही आकड्याइतकंच मोलाचं आहे.

निदानाबद्दल: तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचाच अंश शोधणारी तपासणी), त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली अँटिबॉडी शोधणारी). पहिल्या दिवशी आयजीएम करून "निगेटिव्ह आहे, डेंग्यू नाही" असं मानणं घातक ठरू शकतं. सरकारच्या ठरवलेल्या सेंटिनल (साथीवर नजर ठेवणाऱ्या) रुग्णालयांत एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने तपासणी होते, त्यासाठीचे आयजीएम किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येतात.

विडाल (टायफॉइडसाठीची रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह आली, म्हणजे टायफॉइडच ना?

नाही. पूर्वी कधी झालेला संसर्ग किंवा दुसराच ताप, यांनीही विडाल पॉझिटिव्ह येते. आणि खरा टायफॉइड असला तरी पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी केलेलं ब्लड कल्चर हा टायफॉइड शोधण्याचा भरवशाचा मार्ग आहे. त्यात मोठ्या माणसाचं ८ ते १० मिली रक्त लागतं आणि दोन-तीन दिवस थांबावं लागतं, म्हणून लोक टाळतात. मी मात्र तेच करा म्हणते. कारण कल्चरमध्ये जंतू वाढला तर कुठलं औषध चालेल तेही कळतं.

याच्या जोडीने क्षयाबद्दल: रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षयाचं निदान करणाऱ्या किटवर भारत सरकारने २०१२ पासून बंदी घातली आहे. कुणी लिहून दिलीच तर करू नका, थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

(निवासी डॉक्टरांकडून) रोज सकाळी सीबीसी, आरएफटी (किडनीची), एलएफटी (लिव्हरची) पाठवली नाही तर सर राउंडला ओरडतील. मग काय करायचं?

ही भीती खरी आहे. मीही हाऊसमन (शिकाऊ निवासी डॉक्टर) होते आणि "रिपोर्ट कुठाय?" या एका प्रश्नाच्या धाकाने मीही सगळ्या खाटांचं रक्त काढलेलं आहे. म्हणून आम्ही हा विषय तुमच्यावर सोडलेला नाही. विभागप्रमुखांनी सही केलेलं पत्रक वॉर्डात लावलंय: सलग दोन दिवस आकडे स्थिर असतील आणि औषधात बदल नसेल तर तिसऱ्या दिवशी तपासणी नको. सरांनी विचारलं तर त्या पत्रकाकडे बोट दाखवा.

एक-दोन जोड्याही सोडा. हृदयाच्या झटक्यासाठी ट्रोपोनिन पाठवताय तर सोबत सीके-एमबी नको. स्वादुपिंडासाठी लायपेज होत असेल तर अमायलेज नको. थायरॉइडसाठी आधी फक्त टीएसएच लिहा, तो बिघडलेला आला तर त्याच नमुन्यात फ्री टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) आम्ही आपणहून करू. लघवीची तक्रार नसलेल्या, कॅथेटर लावलेल्या रुग्णाचं युरिन कल्चर पाठवलंत तर जंतू वाढणारच आणि तुम्ही नसलेल्या आजाराला अँटिबायोटिक द्याल. गर्भवती मात्र याला अपवाद आहे, तिच्या बाबतीत तक्रार नसली तरी कल्चर करायचं.

तपासणी पुन्हा पाठवा असा फोन लॅबमधून येतो तेव्हा चूक कुणाची असते?

बहुतेकदा कुणा एकाची नसते, रस्त्यातल्या एखाद्या पायरीची असते. एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. बाहेरच्या एका छोट्या दवाखान्यातून सकाळी नमुना आला, पोटॅशियम ६.९. हा आकडा हृदय थांबवू शकतो. मी लगेच फोन केला, तिकडे धावपळ सुरू झाली, कॅल्शियमचं इंजेक्शन भरून तयार. तेवढ्यात तिथल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो अगदी नॉर्मल. मग उलगडा झाला. रक्त आदल्या संध्याकाळी काढलं होतं आणि दवाखान्यातल्या मामांनी (मदतनिसांनी) काळजीने, खराब होऊ नये म्हणून बल्ब सीरम वेगळं न करता तसाच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला होता. थंडीत पेशींचा पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर सीरममध्ये झिरपतं. पेशी फुटलेल्या नव्हत्या, सीरम लालसर दिसत नव्हतं, त्यामुळे आम्हालाही शंका आली नाही. ताज्या नमुन्यात पोटॅशियम ४.३ निघालं.

त्या मामांनी जिवापाड जपूनच ते केलं होतं. चूक आमची होती, कारण नमुना कसा ठेवायचा ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही वर्षातून दोनदा मामा, मावशी आणि सिस्टर यांच्यासाठी तासभर वर्ग घेतो. साखरेचं रक्त करड्या बल्बमध्येच का घ्यायचं (साध्या बल्बमध्ये ते तसंच राहिलं तर साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते), निळा बल्ब खुणेपर्यंतच का भरायचा, हे सगळं हातात बल्ब देऊन दाखवतो. पुन्हा रक्त काढावं लागणं हीही मागणीच आहे, आणि ती तर शंभर टक्के टाळता येण्यासारखी.

छोट्या ऑपरेशनआधी इतक्या तपासण्या लागतात का?

धडधाकट तरुणाच्या छोट्या ऑपरेशनला रक्त गोठण्याच्या तपासण्या नेहमीच्या म्हणून लागत नाहीत. दात काढताना किंवा जखम झाल्यावर फार रक्त गेलं होतं का, घरात कुणाला तसा त्रास आहे का, हे विचारणं त्याहून उपयोगी. आमच्या भागात सिकलची तपासणी मात्र भूल देण्याआधी झालेली असावी.

तुम्ही म्हणता काही तपासण्या कमी होतात. त्या कुठल्या?

याच प्रश्नाची मी वाट पाहत असते.

पहिली सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, तिकडे नंदुरबार, या जिल्ह्यांत अनेक कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तरी अंग दुखतं म्हणून वर्षानुवर्षं वेदनाशामक खाणारी मुलं अजून येतात, ज्यांची सिकलसाठीची साधी, पहिल्या पायरीची सोल्युबिलिटी तपासणीसुद्धा कुणी केलेली नसते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आहे. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली की तिथे थांबू नका. वाहक आहे की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसनेच कळतं. एवढ्या एका फरकावर त्या मुलाचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं.

दुसरी, मधुमेहींच्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, म्हणजे किडनीतून प्रथिन गळतंय का ते दाखवणारी तपासणी. टाइप २ मधुमेहात निदान झालं त्या वर्षापासून दरवर्षी एकदा करायचं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी किडनीचा त्रास यात दिसतो आणि तेव्हा औषधाने तो रोखता येतो. सुईसुद्धा टोचावी लागत नाही, थोडी लघवी लागते. याच रुग्णांच्या फाइलमध्ये व्हिटॅमिन डीचे तीन-तीन रिपोर्ट सापडतात आणि हा एक सापडत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. आता मधुमेहीचं एचबीए१सी आलं आणि वर्षभरात हे प्रमाण तपासलेलं नसेल तर रिपोर्टखाली आम्ही तशी ओळ छापतो.

डॉक्टरांच्या सवयी बदलायला तुम्ही केलं तरी काय? नुसत्या सूचनांनी फरक पडतो का?

नुसत्या सूचनांनी पडत नाही. विश्वस्तांचं म्हणणं होतं की फॉर्मवर दर छापा, डॉक्टर आपोआप कमी लिहितील. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तपासणी लिहिताना दर दाखवले तेव्हा त्या तपासण्या जवळपास ९ टक्क्यांनी घटल्या, असा २०१३ चा अभ्यास आहे. पण २०१७ साली फिलाडेल्फियात तीन रुग्णालयांत तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि एकूण आकड्यात फरक पडला नाही. दर रोज डोळ्यांसमोर असला की दिसेनासा होतो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फॉर्म बदलल्याचा. जुन्या फॉर्मवर पन्नास चौकोन होते आणि टिक करायला काहीच कष्ट नव्हते. नव्यावर नेहमी लागणाऱ्या मोजक्याच तपासण्या छापल्या, बाकीच्या हाताने लिहायच्या. आणि वर एक रिकामी ओळ: "काय शोधताय?" ती ओळ भरली नसेल तर नमुना परत पाठवत नाही, रुग्णाला त्याची शिक्षा का? पण माझा फोन जातो. त्या फोनवर अनेकदा असं होतं की डॉक्टर आणि मी मिळून तीन तपासण्या काढतो आणि न लिहिलेली एक घालतो.

डॉक्टरांना लॅबकडून कमिशन मिळतं म्हणून तपासण्या वाढतात, हे खरं आहे का?

काही ठिकाणी खरं आहे, आणि हे मी दबक्या आवाजात बोलणार नाही. कट प्रॅक्टिस आपल्या व्यवसायाला लागलेली कीड आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे देणं आणि घेणं दोन्ही निषिद्ध ठरवलंय. महाराष्ट्रात २०१७ साली याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. तुम्ही मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: कुठल्या प्रयोगशाळेत जायचं हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. चिठ्ठीवर एकाच लॅबचा शिक्का मारून "तिथेच जा" म्हटलं तर कारण विचारा. कधी खरंच कारण असतं, एखादी तपासणी तिथेच भरवशाची होत असते. तेही डॉक्टर सांगू शकतात.

पैसे नसतील तर?

सरकारी दवाखान्यात जा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवेत उपकेंद्रावर १४, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९७, उपजिल्हा रुग्णालयात १११ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ तपासण्या ठरवून दिल्या आहेत. महाराष्ट्रात सरकारी केंद्रांवरून नमुने गोळा करून महालॅब या प्रयोगशाळांच्या सेवेमार्फतही त्या होतात.

दोन लॅबचे आकडे वेगळे आले. खोटं कोण?

बहुधा कुणीच नाही. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं, पद्धती वेगळ्या असतात, रेंजही वेगळी असते. ज्या आजारात आकड्याची तुलना करत राहायचं आहे त्यासाठी एकच चांगली प्रयोगशाळा धरून ठेवा आणि शक्यतो एकाच वेळेला जा. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरची सही आहे का, तेही पाहा.

पुढच्या वेळी तपासणीला येताना काय आणू?

जुने रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले असले तरी चालतील, आमच्या काउंटरवरची मुलगी लावून देईल. गेल्या महिन्यातच झालेली तपासणी चिठ्ठीवर दिसली तर ती तुम्हाला तिथेच सांगेल आणि डॉक्टरांना विचारून पैसे परत करेल. चालू गोळ्यांची पानं आणा, नुसती नावं नकोत. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, काही मशीनवर त्याने आकडा पार उलटा येतो. उपाशीपोटी यायला सांगितलं असेल तर पाणी प्यायला हरकत नाही, उलट पिऊनच या, शीर लवकर सापडते. थायरॉइडची सकाळची गोळी सोबत आणा आणि रक्त दिल्यावर तिथेच बाकावर बसून घ्या.